रात्री तिथे कोण असतं?

आमची कुत्री चिंगी आठ दिवस केनेलमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी होती. तिला आणायला गेलो तेव्हा आम्हाला पाहून ती भुंकली. म्हणजे भुंकण्यासाठी तोंड उघडलं. आवाज आला तो तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. घसा पार बसला होता. शेपटी मात्र अशी हलत होती की मागचं अर्धं अंग तिच्याबरोबर झोके घेत होतं, आणि भेटीच्या त्या आनंदात आम्ही बाकी काही पाहिलंच नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "एकदम शहाणी आहे तुमची. आठ दिवसांत काही त्रास दिला नाही." ऐकून बरं वाटलं. शाळेतल्या बाईंनी आपल्या पोरीचं कौतुक करावं तसं.

घरी आल्यावर तिने पाण्याचं भांडं एका दमात संपवलं, पुन्हा भरलं तर तेही निम्मं प्यायली, आणि मग जी झोपली ती जवळपास दोन दिवस. पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळातून उचकटलेलं आहे, हे दुसऱ्या दिवशी ती पाय चाटत बसली तेव्हा दिसलं. पाचव्या दिवशी खोकला सुरू झाला. घशात काहीतरी अडकल्यासारखी ती मान लांब करायची, दोन-तीनदा कोरडं ठसकायची आणि शेवटी उमासा येऊन थोडा पांढरा फेस जमिनीवर पडायचा. मी केनेलला फोन केला. "आमच्याकडे कुणालाच खोकला नाही मॅडम," पलीकडून उत्तर आलं. "घरी नेल्यावर हवा बदलते, त्याने होतं कधीकधी."

तो माणूस खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला खरोखरच माहीत नसावं. आणि माहीत करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकलेलीही नव्हती.

तिला ठेवण्याआधी मी किती चौकशा केल्या होत्या! खोली केवढी आहे, एसी आहे का, कॅमेरा आहे का, दिवसातून किती वेळा फिरवता, फोटो पाठवाल ना? रोज एक फोटो येतही होता. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला: रात्री तिथे कोण असतं? नंतर कळलं की रात्री नऊला कुलूप लागायचं आणि सकाळी सातला निघायचं. मधले दहा तास तीस-चाळीस कुत्री आणि एक कॅमेरा, ज्याच्याकडे त्या वेळी कुणीच पाहत नव्हतं.

बोर्डिंगमध्ये, म्हणजे असं केनेलमध्ये मुक्कामाला ठेवल्यावर, कुत्र्यांना जे आजार होतात, जो ताण येतो, त्यात गूढ असं फार थोडं आहे. कारणं माहीत आहेत, बरेचसे उपायही माहीत आहेत. विचित्र आहे तो व्यवहार. पैसे देणारा तिथे नसतो. जो तिथे असतो त्याला बोलता येत नाही. आणि ज्याला सगळं दिसतं, त्याने काय सांगायचं हे त्याच्या मर्जीवर. अशा व्यवहारात 'चांगली जागा बघून विश्वासाने सोपवा' हा सल्ला पुरा पडत नाही. केनेलने काय नोंदवायचं आणि मालकाला काय सांगायचंच, हे नियमाने ठरलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

खोकल्यापासूनच सुरुवात करते. 'केनेल कफ' म्हणतात त्याला. आजाराला जागेचंच नाव पडलं, यात सगळं आलं. हा एक आजार नाही. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएंझाचा विषाणू, ॲडिनोव्हायरस टाइप २, मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांच्या श्वसनमार्गाचा कोरोनाविषाणू (माणसांतल्या कोविडचा याच्याशी संबंध नाही) अशी ती टोळी आहे, आणि बऱ्याचदा त्यातले दोघे-तिघे मिळूनच येतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते दहा दिवस जातात, कधी त्याहून जास्त.

आता हिशेब करून पाहा. शनिवारी एक कुत्रा येतो. दिसायला ठणठणीत, पण अंगात जंतू घेऊन. मंगळवारी तो घरी जातो आणि बुधवारी खोकायला लागतो, आपल्या घरी. शेजारच्या जाळ्यांमधल्या चौघा-पाचजणांना तोवर लागण झालेली असते. तेही एकेक करून घरी जातात आणि तिथे खोकतात. केनेलमध्ये खरोखरच कुणी खोकत नसतं! प्रत्येक मालक आपल्यापुरता डॉक्टरकडे जातो, औषध आणतो, गप्प बसतो. साथ येऊन जाते आणि ती साथ होती हे कुणालाच कळत नाही. त्यात बोर्डेटेला असा चिवट, की खोकला थांबल्यावरही कित्येक आठवडे त्या कुत्र्याकडून बाहेर पडत राहू शकतो.

लस होती ना, असं कुणी विचारेल. होती. चिंगीचं कार्ड अगदी पूर्ण होतं. पण या खोकल्याची लस आजार सौम्य करते, लागण रोखेलच असं नाही. शिवाय कोणती लस आणि कधी दिली, यालाही अर्थ आहे. नाकात थेंब घालायची लस तीन-चार दिवसांत काम करू लागते; टोचायची असेल तर पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि संरक्षण त्यानंतर. निघायच्या आदल्या दिवशी घाईघाईने टोचून आणलेली लस कुत्र्याच्या काही उपयोगाची नसते. काउंटरवरच्या फाइलची सोय तेवढी होते.

साथ दिसत नाही म्हणाले, पण जिथे मोजायची व्यवस्था आहे तिथे ती दिसते. कुत्र्यांच्या फ्लूचंच घ्या. घोड्यांमधला एच३एन८ विषाणू २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये आढळला. पुढे मूळचा पक्ष्यांमधला एच३एन२ आशियातल्या कुत्र्यांमध्ये स्थिरावला आणि २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली. २०२१ मध्ये याच एच३एन२ ने लॉस एंजेलिस परगण्यात हजाराहून जास्त कुत्री आजारी पाडली. त्याच वर्षी तिथे लेप्टोस्पायरोसिसचीही साथ आली, दोनशेच्या आसपास कुत्र्यांना. दोन्ही साथींचा माग काढत गेल्यावर आरोग्य खातं पुन्हा पुन्हा एकाच दाराशी पोचत होतं: बोर्डिंग आणि डे-केअर. लेप्टो तर लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो, म्हणजे तिथे फरशी पुसणाऱ्या पोराचाही हा प्रश्न आहे. हे आकडे आपल्याला माहीत आहेत ते एवढ्याचसाठी, की त्या परगण्यात प्राण्यांचे असे आजार सरकारला कळवणं पशुवैद्यांवर बंधनकारक आहे. इतर बहुतेक ठिकाणी अशीच साथ 'हवा बदलते' या दोन शब्दांत जिरून गेली असती.

कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना, जीवघेणे जुलाब लावणाऱ्या पार्व्होबद्दल थोडक्यात. १९७८ च्या सुमारास हा विषाणू अचानक जगभर पसरला आणि तेव्हापासून गेलेला नाही. त्याला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे साबणाला आणि फरशी पुसायच्या कित्येक नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. सावलीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं फरशी ओली ठेवली तर मरतो, पण त्याआधी घाण पूर्ण खरवडून काढलेली हवी. केनेलमध्ये शिरल्याशिरल्या जंतुनाशकाचा उग्र वास आला की आपण 'किती स्वच्छ!' म्हणतो. कुठलं द्रावण, किती पातळ, किती वेळ, हे वासावरून कळत नाही. सोळा आठवड्यांच्या आतलं पिल्लू, ज्याची लसमाला पुरी झालेली नाही, ते तर कितीही चकचकीत जागा असली तरी बोर्डिंगला ठेवूच नये. आणि नाकाने चपट्या जातीची, पग किंवा बुलडॉगसारखी कुत्री उन्हाळ्यात ठेवण्याआधी दहादा विचार करावा. कुत्रा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः धापा टाकून, आणि यांचा श्वासाचा मार्गच मुळात अरुंद.

आजारांचं एक बरं असतं, त्यांना नाव तरी असतं. ताणाचं तसं नाही.

नवीन जागा, अनोळखी वास, घरचं माणूस नाही, आणि या सगळ्याचं कारण कुत्र्याला सांगायची सोय नाही. आठ दिवसांनी परत येणार आहोत हे आपल्याला माहीत असतं. तिला माहीत असतं एवढंच, की पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊन ही मंडळी दाराबाहेर गेली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निवारागृहातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. पहिल्या तीन दिवसांतल्या कुत्र्यांमध्ये ते जास्त दिवस राहिलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. केनेलवाले म्हणतात की दोन-तीन दिवसांत रुळतात, त्याला यात थोडा आधार आहे हे मी मान्य करते. पण गणित पाहा: बहुतेक कुत्री बोर्डिंगला राहतात तीच मुळी तीन-चार दिवस. म्हणजे रुळायची वेळ येते तेव्हा घरी जायची वेळ झालेली असते. कॉर्टिसॉलवरून सगळंच कळतं असंही नाही. खेळाच्या उत्साहानेही ते वाढतं. म्हणून आकड्यापेक्षा कुत्र्याकडे पाहणारं माणूस महत्त्वाचं.

आणि पाहायचं कसं, इथे आपण सगळेच नापास होतो. मी रोज आलेले ते आठ फोटो नंतर पुन्हा काढून बसले. आम्ही घरात ते एकमेकांना दाखवून 'बघ, हसतेय' म्हणत होतो. आता मोठे करून पाहिले. तोंड उघडं होतं, पण तोंडाचे कोपरे मागे ताणलेले. कान डोक्याला चिकटलेले. एका फोटोत डोळ्याचा पांढरा भाग कोरीसारखा दिसत होता. दुसऱ्यात पुढचा एक पाय किंचित उचललेला. आठांपैकी सहा फोटोंत ती एकाच ठिकाणी बसलेली होती, दाराला लागून. पशुवैद्य मैत्रिणीला दाखवले तर ती म्हणाली, "अगं, ती हसत नाहीये, धापा टाकतेय."

मग त्या 'शहाणी'चाही उलगडा झाला. घसा बसेपर्यंत भुंकलेलं कुत्रं पहिल्या दिवसापासून शहाणं नसतं. पहिले काही दिवस ती भुंकत राहिली असणार, दार ओरबाडलं असणार (ते नख), आणि आवाज गेल्यावर गप्प झाली असणार. गोंधळ घालणाऱ्या कुत्र्याकडे निदान लक्ष जातं. जे कोपऱ्यात अंग आक्रसून बसतं, खाणं हुंगून सोडून देतं, ओठ चाटत राहतं, त्याची नोंद 'त्रास नाही' अशीच होते. कुणाला त्रास नाही, हे त्या वाक्यात लिहिलेलं नसतं.

ताण पोटातही उतरतो. बोर्डिंगहून आलेल्या कुत्र्याला पातळ शी होणं, त्यात आव पडणं, कधी रक्ताचा एखादा धागा दिसणं, हे पशुवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातलं. मोठ्या आतड्याची ही जळजळ बहुतेकदा थोड्या दिवसांत आटोक्यात येते. गोची अशी की जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचीही सुरुवात अशीच दिसू शकते, आणि पार्व्होची पहिली पातळ शीही वेगळी ओळखू येत नाही. फरक कळायचा तर शी कुणीतरी पाहायला हवी. कुठल्या कुत्र्याची, किती वेळा, कशी. सकाळी सातला कुलूप काढून पाइपने सगळं एका दमात नाल्यात लोटलं की रात्रीचा पुरावा संपला.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर पोट फुगण्याबद्दल बोललं पाहिजे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळा घेतं. रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा अस्वस्थ होऊन येरझारा घालतो, ओकारीचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तर वाचतो, नाही तर जातो. घाईने खाणं, दिवसातून एकदाच भरपूर खाणं, आणि मुळात भित्रा, चिंतातुर स्वभाव या गोष्टी धोका वाढवतात. अनोळखी जागी बावरलेलं कुत्रं, संध्याकाळी एकदाच भरलेलं ताट, आणि नऊला कुलूप: यापेक्षा जास्त काय जुळून यायचं राहिलं? कॅमेऱ्यात ते सगळं अगदी स्पष्ट दिसेल. कॅमेऱ्याला गाडी काढता येत नाही.

आवाजाबद्दल लोक बोलतच नाहीत, आणि मला वाटतं तो सगळ्यात दुर्लक्षिलेला त्रास आहे. चिंगीनंतर मी एका दुसऱ्या केनेलमध्ये नुसती पाहायला गेले. मधली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जाळ्या, खाली फरशी, भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंत टाइल्स, वर पत्रा. धुवायला सगळं सोयीचं. एक भुंकला, समोरचा भुंकला, आणि पाच सेकंदांत सगळे. आवाज कुठे शोषला जायलाच जागा नव्हती. भिंतीवरून भिंतीवर आपटत होता. फोनवरच्या ॲपचा काटा शंभर डेसिबलच्या आसपास थरथरत होता. ॲपवर फार भरवसा ठेवू नये हे कबूल, पण मोठमोठ्या केनेलांमध्ये नीट यंत्रांनी घेतलेली मापंही शंभराच्या पुढे गेलेली आहेत. कारखान्यात एवढ्या आवाजात माणसाला कानाला संरक्षण दिल्याशिवाय उभं करत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गोंगाटाच्या केनेलमध्ये सहा महिने राहिलेल्या १४ कुत्र्यांची श्रवणशक्ती तपासली, तर ती घटलेली आढळली. आठवड्याभराच्या मुक्कामाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि त्याला तिथून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. मी दहा मिनिटांत बाहेर आले. मला बाहेर येता आलं.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि ती पोकळ नाही. केनेल चालवणं हे घाणीचं, कष्टाचं, सुट्टी नसलेलं काम आहे. लोक सुट्टीला जातात तेव्हाच यांच्याकडे गर्दी. आपण सण-समारंभ करतो तेव्हा ही माणसं दुसऱ्याच्या कुत्र्याची शी काढत असतात. रात्रपाळीला माणूस ठेवायचा तर दर वाढतो, आणि दर वाढला की गिऱ्हाईक पुढच्या दारी जातं. हे मला एका चालकाने सांगितलं आणि तो रडगाणं गात नव्हता. 'मग कुत्र्यांना बोर्डिंगला ठेवूच नका' असं म्हणणारेही असतात. ते मला पटत नाही. घरी ठेवून शेजाऱ्याला दोन वेळा डोकवायला सांगितलं तर दिवसाचे बावीस तास तो एकटाच. कुणा ओळखीच्याकडे पाठवला तर अनोळखी घराच्या उघड्या दारातून पळालेली कुत्री थोडी नाहीत. आणि खरं सांगायचं तर काही कुत्र्यांना केनेल आवडतं. उड्या मारत आत जातात, मागे वळूनही बघत नाहीत. मालकाचाच अपमान होतो.

पण 'दर वाढेल' हा युक्तिवाद शेवटी आपण ज्या नियमाला घाबरतो त्याच्याच बाजूने जातो. एकट्याने रात्रीचा माणूस ठेवला तर तो महाग पडतो, कारण पलीकडचा ठेवत नाही आणि गिऱ्हाइकाला दोघांतला फरक दिसत नाही. सगळ्यांना निदान सांगावं लागलं, की आमच्याकडे रात्री माणूस असतो किंवा नसतो, तर प्रामाणिक माणसाचा खर्च वाया जाणार नाही. आज एसी आणि मऊ गादीची जाहिरात होते, कारण तेवढंच फोटोत येतं.

नियम करता येतात याचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. तिथे बोर्डिंगला परवाना १९६३ च्या कायद्यापासून लागतो. २०१८ मध्ये नवे नियम आले आणि त्यांच्यासोबत तपासणीवर एक ते पाच तारे द्यायची पद्धत. ताऱ्यांनुसार आणि जोखमीनुसार परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांचा. त्या नियमांतली एक अट मला फार आवडते: प्रत्येक खोलीत अशी जागा हवी, जिथे गेल्यावर कुत्र्याला, त्याला नको असेल तर, बाहेरची माणसं आणि इतर कुत्री दिसणार नाहीत. लपायचा हक्क कायद्यात लिहिणारा कारकून मला एकदा भेटायला हवा. याउलट अमेरिकेत पाळीव कुत्र्यांच्या बोर्डिंगला देशपातळीवर परवानाच नाही. १९६६ चा तिथला प्राणिकल्याण कायदा याला लागू होत नाही. कोलोरॅडोसारखं राज्य परवाना देतं, तपासणी करतं. इतर कित्येक ठिकाणी काहीच नाही.

तरी इंग्लंडचे नियमही रात्रीच्या बाबतीत माझ्या मते कमी पडतात. किल्ली असलेला माणूस हाकेच्या, म्हणजे वाजवी प्रवासाच्या अंतरावर हवा, एवढीच तिथली सर्वांना लागू असलेली अट आहे. किल्लीवाला येईल खरा, पण त्याला बोलावणार कोण? पिळा पडलेल्या पोटाचं कुत्रं फोन करत नाही.

मला हव्या आहेत त्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. रात्री माणूस असतो का, हे पावतीवर छापलेलं असावं. कुत्रागणिक रोजची नोंद असावी: किती खाल्लं, शी कशी झाली, किती वेळ बाहेर होता, काय वेगळं दिसलं, आणि कुत्र्याबरोबर ती मालकाच्या हातात पडावी. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कुत्रा घरी गेल्यावर दोन आठवड्यांत खोकला किंवा जुलाब झाले तर मालकाने केनेलला कळवावं आणि केनेलने त्या दिवसांत तिथे असलेल्या सगळ्यांना. कुणाचं नाव न घेता, साध्या एका मेसेजने. 'अमुक तारखांना आमच्याकडे असलेल्या एका कुत्र्याला खोकला झाला आहे, लक्ष ठेवा.' याला खर्च शून्य. लाज तेवढी वाटते, आणि ती मोडण्यासाठीच सक्ती हवी, कारण स्वतःहून असा मेसेज पाठवणारा पहिला केनेलवाला त्याच आठवड्यात गिऱ्हाइकं गमावेल.

या कळवण्यात आपणही येतो, हे मुद्दाम सांगते. मालक मंडळी काउंटरवर काय काय लपवतात! परवापासून ठसकतोय हे सांगत नाहीत, कारण मग घेणार नाहीत आणि तिकिटं काढलेली असतात. दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातो हे सांगत नाहीत. काही जण निघताना 'शांत राहायची गोळी' मागतात. त्यातल्या काही जुन्या औषधांनी कुत्रा फक्त निपचित होतो. भीती आत तशीच, अंग तेवढं हलत नाही. आणि मी? चिंगी नऊ वर्षांची होईपर्यंत एकही रात्र घराबाहेर राहिली नव्हती. तिला आधी एक दिवस, मग एक रात्र ठेवून पाहावं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. वेळ नव्हता. थेट आठ दिवस.

पुढच्या वेळी आम्ही जागा शोधली ती लहान होती. दहाच कुत्री, मालकीण त्याच आवारात राहणारी. भिंतींना काही लावलेलं नव्हतं, गादी आपल्या घरूनच आणा म्हणाल्या, न धुतलेली. फोटो पाठवणार नाही, तेवढा वेळ नसतो, हेही आधीच सांगितलं. एक रात्र ठेवून पाहा म्हणाल्या. सकाळी गेलो तेव्हा चिंगीच्या पट्ट्यासोबत वहीचं एक पान फाडून दिलं. वळणदार नसलेलं, घाईचं अक्षर:

'संध्या. ७ खाल्लं नाही. ९ दोन घास हातातून. ११ दाराशी बसून. १.३० रडली, बाहेर नेलं, शू केली. माझ्या खोलीत आणलं. ३ नंतर झोप. सकाळी ६ शी घट्ट, आव नाही. अर्धं खाल्लं. उजव्या पायाचं नख अजून नाजूक आहे, हात लावू देत नाही. डॉक्टरना दाखवलंत का?'

मी ते पान गाडीत दोनदा वाचलं. दीड वाजता रडली, हे वाचून पोटात तुटलं. मागच्या वेळच्या आठ रात्रींतलं मला असं काहीच माहीत नाही.